फर्व्हंट, विशेषण

शब्द फळ्यावर लिहिला आणि खाली
नेहमीसारखी सरळ रेघ ओढली.
फर्व्हंट. विशेषण. उत्कट, कळकळीचा.
नामाच्या आधी बसतो: प्रार्थना, आशा, पाठीराखा.
माणसाच्या मनाला लावा, म्हणालो,
वस्तूला लावू नका.
खाली भांडी बाजारात कुणीतरी शटर ओढत होतं.
सात वाजलेले, सात मुलं, सात वह्या.

बत्तीस वर्षं मी नाशिकरोडला
नोटांच्या छापखान्यात तपासणीला होतो.
तुटकी रेघ, सांडलेली शाई,
केसभर खाली घसरलेला आकडा
दिसला की बाजूला.
डोळे अजून तसेच चालतात.
फक्त नोटांच्या जागी आता वह्या.

वृंदा कडवेनं वाक्य केलं होतं:
माय फादर्स कॉपर इज फर्व्हंट.
मी लाल गोल केला. समासात लिहिलं,
तांब्याला भावना नसतात.

ती उठली नाही. बसल्या बसल्याच म्हणाली,
सर, तांबं तापवल्याशिवाय ऐकतच नाही.
लाल होईतो भट्टीत धरायचं, मग पाण्यात.
चर्र करतं, मग मऊ पडतं.
न तापवता ठोकत राहिलं तर तडकतं.
बाबांचं पण तसंच आहे.

मुलं हसली. मीही हसलो
आणि पुढचा शब्द घेतला.

रात्री जाडा शब्दकोश काढला, भिंगासकट.
मूळ लॅटिन: उकळणे.
त्याखाली बारीक टाइपात:
तापलेला, धगधगता. जुना प्रयोग.
म्हणजे पोरगी चुकली नव्हती,
दोन-तीनशे वर्षं उशिरा
वर्गात आली होती एवढंच.

आणि आपल्याकडे तर हे सगळं
अजून चुलीपाशीच बसलंय.
दुधाला कढ येतो, रडणाऱ्यालाही कढ येतात.
आच भाकरीला लागते, आच जिवाला लागते.
हात पोळतो, मनही पोळतं,
आणि उतू काय जाईल
ते आधी कळत नाही.
या भाषेत मी जन्मलो,
आणि खडू हातात घेऊन भिंत घालत बसलो
माणूस आणि भांडं यांच्यामध्ये.

हा शब्द मी आयुष्यात एकदाच वापरला.
वत्सला सिव्हिलमध्ये होती.
रजेच्या अर्जात लिहिलं, माय फर्व्हंट रिक्वेस्ट.
साहेब म्हणाले, इंग्रजी झकास आहे हो तुमचं.
तीन दिवस मंजूर झाले.
पाच लागले.

तिच्या खाटेशी बसून काय बोललो
ते नीट आठवत नाही.
बहुतेक विचारलं, डाळिंब सोलू का.
ती म्हणाली, राहू द्या, हात लाल होतील.
मग मी सोललंच.
दाणे वाटीत तसेच राहिले दुसऱ्या दिवसापर्यंत.

सकाळी तिचा तांब्या घेऊन तांबट आळीत गेलो.
पोचा आलाय, म्हटलं, कधीचा.
कडव्यांनी तो उन्हाकडे धरून फिरवला,
तळ बघितला, काठावरून अंगठा नेला.
घरातला दिसतोय, म्हणाले.
हो, म्हटलं.

शेजारच्या दुकानात ठोकाठोक सुरू होती.
मी म्हणालो, तुमची वृंदा...
त्यांना ऐकू गेलं नाही.
लाल शाई पुसली जात नाही, हेही सांगायचं होतं,
वहीत त्या गोलाशेजारी मी काल रात्री
एक बरोबरची खूण केलीय,
ती जरा वेडीवाकडी आली.

तांब्या भट्टीत गेला.
झालं का, मी विचारलं.
कडवे आगीवरची नजर न काढता म्हणाले,
थांबा. अजून रंग आला नाही.

थांबलो.