चाकाचा आऊट

अस्माराच्या बाहेर, दक्षिणेच्या रस्त्यावर,
एकविसाव्या किलोमीटरला डांबर संपतं.
पाटी वगैरे नसते. आधी त्याला
देवीचे व्रण उठतात, मग कडा
उंदरांनी कुरतडल्यासारख्या होतात,
मग नुसती खडी
आणि खडीवर पाण्याचे कॅन वाहणारं एक गाढव,
ज्याला आमच्या सरावाशी काही देणंघेणं नाही.

तिथेच माझा आरा तुटला.
मागच्या चाकाचा, साखळीच्या बाजूचा.
टण्.
आणि चाक ब्रेकला घासू लागलं
फेऱ्यागणिक एकदा,
रडून झाल्यावर पोराला उचक्या लागाव्यात तसं.

सोस्ना, येर्गालेम, सगळ्या पुढे गेल्या.
त्यांची धूळ थोडा वेळ माझ्याजवळ थांबली.
मी तुटका आरा शेजारच्याला गुंडाळला,
ब्रेक सैल केला
आणि चाकाला लाडीगोडी लावत गावात आणलं.

हब्तेआबचं दुकान मेडेबरला लागून.
तिथे दिवसभर पिंपं ठोकून चुली बनतात.
चाळीस वर्षांच्या त्या ठोकाठोकीत
त्याचे कान हळूहळू गेले.
तुमच्या ओठांकडे बघण्याआधी
तो चाकाकडे बघतो.

'हवा किती होती?'
एकशे दहा.
'आणि तुझं वजन?'
एकोणपन्नास.
'दगडासारखी हवा भरून दगडांवरून जातेस.
दोघांतलं एक फुटणारच.'
मग चावीने माझ्या पेरांवर टकटक:
'या मुठी कुणाला मारायला आवळतेस?
खड्डा आला की हात सैल, कोपर सैल,
बूड दोन बोटं वर.
सायकलला तिचं तिचं अडखळू दे.'

आरे आले होते गोथेनबर्गहून,
कुणाच्या तरी लग्नाला आलेल्या बाईच्या बॅगेत,
लोकरी मोज्यात गुंडाळून.
मेर्हावीने पाठवलेले. चाळीस.
हब्तेआबने एक मोजला, दुसरा मोजला,
पट्टी उलटी धरून तिसरा मोजला.
दोन मिलिमीटर लांब.
पोराला माप आठवत होतं
ज्या चाकावर तो शिकला, त्याचं.
ते चाक, तो गेला त्याच वर्षी विकलं गेलं.
पैसे कशाला लागले, मी विचारलं नाही.

बत्तीस आरे ओवले.
प्रत्येकाचं टोक रिमच्या आत डोकावणारं,
ट्यूबला टोचेल असं.
बत्तीस वेळा कानस.
मांडीवर चांदीसारखा भुगा.

मग आऊट काढायला बसलो.
तो आरा छेडतो, मी ऐकते.
हात वर: फार ताणलाय. हात खाली: ढिला.
पाव फेरा. पुन्हा छेड.
त्या ठणठणाटातून एक बारीक सूर वेचायचा
म्हणजे बाजरीतून राळा निवडण्यासारखं.
दुपार कलली तेव्हा
उजव्या बाजूचे सोळाही एका आवाजात बोलले.
'जमलं?'
मी हात आडवा धरला.
त्याने रिमवर हनुवटी टेकली, आणि तरीही
दोन आरे स्वतः पुन्हा तपासले.

शनिवारी अठ्ठावीसचे टायर, सत्तर हवा.
एकविसावा किलोमीटर. गाढव तेच.
हात सैल सोडले
आणि पहिल्यांदा खडीचा आवाज
दातांत न येता खालच्या खालीच राहिला.
पुढे निवडुंगाच्या काट्याने ट्यूब गेलीच;
त्याला कुठल्याच चावीचा इलाज नाही.
बदलताना मी सवयीने आरे छेडत गेले,
एकेक, कुणाची तब्येत विचारावी तसे.

संध्याकाळी तो म्हणाला, 'मेर्हावीला पत्र लिहायचंय,
तुझं अक्षर बरं आहे.'
मी लिहिलं: आरे मिळाले.
पुढच्या वेळी दोन मिलिमीटर कमी.
ओळीवर त्याचं काळं बोट आलं, थांबलं.
'खोड ते.'
मी खोडलं.
'लिही, बरोबर बसले.'

आणि कानस त्याने खिळ्याला टांगली,
हाताशी येईल अशी.