रविवारी दुकान दुपारपर्यंत

दोनशे रुपये भरले, टी-शर्ट मिळाला,
एक्सएल.
माझ्या मापाचे संपले होते.
छातीवर ठळक अक्षरांत 'मन मोकळं करू या',
पण दोनशे चौदाचा आकडा सेफ्टी पिनांनी
नेमका 'मोकळं'वर बसला.
राहिलं 'मन करू या'.
तसंच राहू दिलं.

फॉर्मवर एक रकाना होता:
कोणासाठी चालत आहात?
माझ्या पुढच्या मुलीने लिहिलं, भावासाठी,
आणि पेन माझ्याकडे दिलं, टोपण न लावता.
मी लिहिलं, ऑफिसतर्फे.

महावितरणच्या तक्रार खिडकीत एकोणीस वर्षं
परभणीचा अंधार वहीत उतरवून घेते.
डीपी जळाला, फेज गेला, रात्रभर लाइट नाही.
नंबर देते, सही घेते.
माझी तक्रार कुठल्या खिडकीत द्यायची
हे विचारायला नांदेडला जावं लागलं,
घरी सांगून, की नणंदेच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.
दोन वर्षांत तिच्या डोळ्यांची सहा ऑपरेशनं झाली.

स्टेडियमपासून निघालो. पुढे हलगी,
मागे नर्सिंगच्या पोरी, घोषणांचा कागद एकच,
त्यामुळे अर्ध्या घोषणा अर्ध्याच.
भोंग्यावरून सांगत होते, जमलेल्या पैशांतून
सरकारी दवाखान्यात टोकनचं मशीन येणार,
शिपाई आता व्हरांड्यात नाव घेऊन ओरडणार नाही.
टाळ्या वाजल्या. मी जरा उशिराच वाजवल्या.

टपरीवरून एकाने विचारलं,
"कामून चालायलेत हे समदे?"
दुसरा म्हणाला, "येड्यांसाठी हाय म्हने."
पहिल्याने बशीतला चहा संपवला.
"आमच्या साडूला पायजे होतं राव हे,"
म्हणाला, आणि बशी पालथी घातली.

पुलाच्या चढावर शेजारी मोईनभाई.
न्यू शिफा मेडिकलचे.
टी-शर्ट पोटावर ताणलेला, पायात घरातल्या चपला.
दर महिन्याला ते माझी पट्टी
जुन्या पेपरात गुंडाळून देतात, न सांगता,
आणि दुकानात कुणी असलं की मोठ्याने म्हणतात,
"कॅल्शियम, बाई. दुधासोबत."
घरी मी गोळ्या सोलून बांगड्यांच्या डबीत ठेवते.
नऊ दिवसांपासून ती डबी
हलवली तरी वाजत नाही.

बरं वाटत होतं, म्हणून.
किंवा बरं वाटतंय हे कुणाला तरी दाखवायचं होतं,
आणि घरात मीच होते.

मोईनभाईंनी काही विचारलं नाही.
ऑक्टोबरच्या उन्हाबद्दल बोलले,
यंदाच्या सीताफळांबद्दल,
थोरल्या मुलीने लातूरचं बी.फार्म सोडलं,
सहा महिने खोलीबाहेर आली नाही, त्याबद्दल.
हेही सीताफळांच्याच सुरात,
आणि परत सीताफळांवर आले.
बालाघाटची गोड असतात, म्हणाले. बिया फार.

विद्यापीठाच्या गेटपाशी लिंबूसरबत होतं
आणि आडनाव चुकलेलं प्रमाणपत्र.
पेला माझ्या हातात देत ते म्हणाले,
"दुकान आज दुपारपर्यंत उघडं आहे, बाई.
तसं नऊ दिवस उघडंच होतं."

काउंटरवर तिघं जण. त्यांतल्या एक
आमच्याच गल्लीतल्या रुक्मिणबाई,
खोकल्याच्या बाटलीसाठी.
मी गोळीचं नाव घेतलं. पूर्ण. पॉवरसकट.
भाईंचा हात सवयीने रद्दीकडे गेला.
"कागद नको."

म्हटलं खरं.
पट्टी पर्समध्ये टाकताना मात्र
रुक्मिणबाई कुठे बघतायत ते बघून घेतलंच.
त्या माझ्या छातीवरचा आकडा वाचत होत्या,
ओठ हलवत, शाळेतल्यासारखा.
"दोनशे चौदा," म्हणाल्या.
मग बोटाने कागदाचा कोपरा जरासा उचलून,
"अन् ह्याच्याखाली काय लिवलंय वं?"