साव्हेलीचं कुंपण

रात्री साडेनऊ वाजले की
पडद्यावर उमटायची एक काटेरी रेघ,
सेकंदाला एक ओरखडा.
पल्सार म्हणावा, तर पाऊस लागला की
ओरखडे दाट व्हायचे.
ताऱ्याला कुठला आलाय आपला पाऊस!

हातातला अँटेना पुढे धरून
पाणाड्यासारखी मी पाइनच्या रानात शिरले.
लष्कराची सोडलेली वसाहत :
खिडक्यांच्या खोबणींतून बर्चची रोपं,
शाळेच्या भिंतीवर कमरेपासून वरचा अंतराळवीर.
शेवटच्या इमारतीमागे बटाट्यांचं वावर,
वावराभोवती तार, तारेत वीज,
आणि तारेशेजारी उलट्या बादलीवर साव्हेली.

"रानडुकरं," तो रशियनमध्ये म्हणाला.
"माहीत आहे," मी लात्वियनमध्ये.
दोघांनाही दोन्ही भाषा येत होत्या.

आमची तबकडी एकेकाळी त्याची होती.
तिच्याखाली कानांना यंत्र लावून
समुद्रापलीकडच्या माणसांचं बोलणं
त्यानं अकरा वर्षं चोरून ऐकलं.
काय ऐकलं, ते बायकोलाही सांगितलं नाही.
सैन्य परतताना मोटारींत ॲसिड ओतून गेलं, म्हणतात.
आमच्या माणसांनी गंज खरवडून तिला पुन्हा फिरती केली.
हा गेलाच नाही.
का, विचारलं तर बटाटे दाखवतो.

"आता काय ऐकता?"
"ढग. फार लांबचे. त्यांतून तारे होतात.
मिथाइल अल्कोहोल असतं त्यांत."

तारेची टिकटिक मी मोजली, सतरा.

"मिथाइल," तो म्हणाला.
"आमच्या तुकडीतला फेद्या प्यायला होता,
नव्या वर्षाच्या रात्री.
सकाळी विचारत होता,
दिवे कोणी घालवले म्हणून."

मग मान वर करून बघत राहिला.
वर ढगच होते, इथलेच, पावसाचे.

त्यानंतर निरीक्षणाच्या रात्री
तो तार बंद ठेवतो,
पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन वावरात बसतो.
डुकरांनी तरी तीन सऱ्या उकरल्याच.
संस्थेच्या हिशेबात बटाट्यांना रकाना नाही,
मी ते 'किरकोळ विद्युत साहित्य' मध्ये घातले.

काल पहाटे एक शिखर उमटलं,
परवापेक्षा दुप्पट उंच.
तिकडे काहीतरी पेटतंय.
रानातून डबा वाजत होता.
त्या आवाजाचं पडद्यावर काहीच उमटत नाही;
खिडकी मी उघडीच ठेवली.