थांदला खुडूक बसली

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून घड्याळ दिलं,
मानसिंग डामोरनं बुटाचा खोका.
झाकणाला पेन्सिलीनं पाडलेली भोकं,
आत पाच काळी पिल्लं, चोचीसकट काळी,
जणू विद्युत मंडळानं छत्तीस वर्षांत केलेलं
सगळं लोडशेडिंग
कुणी खोक्यात भरून दिलेलं.

झाबुआ ते गंगवाल बसस्टँड, खोका मांडीवर.
शरयू दारातच म्हणाली, कडकनाथ? आपण? सुदामानगरात?
आणि गच्चीवरचा गंजका कूलर
तीच रिकामा करायला लागली.

नावं मी ठेवली, जिथं जिथं खांबावर चढलो त्या गावांची:
राणापूर, मेघनगर, थांदला, जोबट.
पाचवा पेटलावद. त्याला तुरा फुटला
तेव्हा कळलं, हा आरवणार.

पहाटे पाचला तो, सातला कचरागाडीचा भोंगा.
चार दिवस त्यानं ऐकून घेतलं,
मग गाडीलाही उलट उत्तर द्यायला लागला.
शेजारच्या पाटोदींनी कुंपणावरून हात जोडले.
हात जोडून केलेल्या तक्रारीला काय बोलणार?
पेटलावद परत गेला, खिडकीच्या सीटवर.

गाडीवरचा पोरगा विचारतो, काकाजी, गीला कचरा?
नाही रे बाबा. दोडक्याच्या शिरा, भाकरीचा पापुद्रा,
ताटाच्या कडेला काढलेला कढीपत्ता,
सगळं वर जातं.
तो वहीत काहीतरी लिहितो. बहुधा माझ्याविरुद्ध.

पाटोदींची आई, कंचनबाई. वय एक्क्याऐंशी.
जमिनीखालचं खात नाहीत, दिवस बुडाला की पाणीही नाही.
दुपारी जिना चढून येतात, पदराला ज्वारी बांधून.
अंडं हा शब्द आमच्यात कधी आला नाही.
त्या यायच्या आधी शरयू टोपली उचलते,
आणि त्या कूलरच्या त्या कोपऱ्याकडे बघत नाहीत.
एवढ्यावर अडीच वर्षं चाललंय.

या जातीला खुडूक बसणं फारसं जमत नाही,
डामोर म्हणाला होता. देते आणि विसरते.
पण थांदला बसली.
पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून,
शरयूच्या हातून घरंगळलेल्या एका लिंबावर.
मी बादली भरून आणली. खुडूक मोडायची
तर थंड पाण्यात बुडवतात.
कंचनबाई म्हणाल्या, "बैठने दो. मन है उसका."
आणि ज्वारी तिच्या चोचीपाशी नेऊन ठेवली,
उपास सोडणाऱ्या माणसाला वाढावं तशी.

कॅलेंडरवर, सिलिंडरच्या तारखेशेजारी,
मी नुसतं 'थां' लिहिलं.
लिंबू तपकिरी झालं, आक्रसलं, लाकडासारखं वाजू लागलं.
ती दिवसातून एकदा उठायची, दोन दाणे, घोटभर पाणी,
आणि घाईनं परत,
कुणी कामावर उशिरा पोचल्यासारखी.

विसाव्या दिवशी मी झाबुआची पहिली बस धरली.
डामोर हसला नाही. आत जाऊन
बुटाचा खोका घेऊन आला.

रात्री अकराला गच्चीवरचा दिवा घालवला.
जन्मभर दिवे लावायची नोकरी,
अंधारात हात चालेना.
तिच्या पोटाखाली इतकी ऊब होती
की क्षणभर कळेना, मुठीत पिल्लू आहे की लिंबू.
लिंबू खिशात आलं. तीन पिल्लं आत राहिली.
तिनं टोचलं नाही. जरा सरकली फक्त,
भरल्या बसमध्ये बाई सरकते तशी.

दुसऱ्या दिवशी कंचनबाईंनी चष्मा पुसला,
वाकून बराच वेळ बघत राहिल्या.
टरफल कुठंच नव्हतं.
ते ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.

"तीन," त्या म्हणाल्या. "तीनों काले."
मग मुठीतली ज्वारी परत पदराला बांधली.
एवढ्याशा चोचीला हा दाणा मोठा पडेल म्हणाल्या,
उद्या भरडून आणते.