कर्णपूरण

दाजी खवणेकर डाव्या कुशीवर,
जेटीच्या दगडावर बांधलेला माझा दवाखाना,
फणसाच्या लाकडाचा बाक.
उजव्या कानात कोमट बिल्वतेल सोडून
मी मात्रा मोजत बसते.
गुडघ्याभोवती हात फिरवून एक चुटकी, ती एक मात्रा.
अशा शंभर.

चाळीस वर्षं हा माणूस इंजिनाला उशाशी घेऊन झोपला.
"बाय, कानात दर्या शिरलो हा.
भायर काड, नायतर आत मासे तरी सोड."
हसतो तो एकटाच.
सत्यभामाबाई दारात.
त्याच्याशी बोलून बोलून त्यांचाच घसा बसलाय.
त्यांना ज्येष्ठमधाची पुडी.

पाणी साचलं तर परसात पुनर्नवा आहे.
अग्नी विझत आला तर सुंठ.
हाडांत वारा शिरला तर तेल, शेक, आणि सोसणं.
माती रोजची पेज भरून काढते.
पण आकाश?
आकाश म्हणजे पोकळी.
जे नाहीच ते बिघडतं कसं,
आणि लेप लावायचा कुठे?
सावंतवाडीला वर्गात विचारलं होतं.
सर म्हणाले, हे परीक्षेला येत नाही.

पंचाहत्तर. शहात्तर.
बाहेर सुकती. खाडीच्या तोंडाशी चिखल उघडा पडलाय,
शिनाणे काढणाऱ्या बायकांच्या पाठी तेवढ्या दिसतात.
दाजींचा तळवा बाकावर पालथा,
भेगांच्या कडा मिठाने पांढऱ्या.
मध्येच एक बोट वर होतं.
"पास्कूची होडी इली.
सायलेन्सर फुटलो हा तेचो."

मी कान देते.
पंखा. सत्यभामाबाईंचा खोकला. बस.
उठून खिडकीशी जाते, तर बंदराच्या वळणावर
निळं नाक, करंगळीएवढं.

कसं कळलं, हातानेच विचारते.
ते बाक थोपटतात,
बैलाची पाठ थोपटावी तसा.

पाठ केलं होतं मी:
आकाशाला गुण एक, वाऱ्याला दोन,
चढत चढत मातीला पाच,
शब्द तिच्यातही मुरलेला.
त्या उत्तराला मला पाचांपैकी साडेचार गुण मिळाले होते.

किती मात्रा झाल्या कोण जाणे.
कापसाचा बोळा लावते.
उद्या डावा, बोटाने सांगते.

दाजी मान हलवतात,
चपला हातात घेतात
आणि अनवाणी उतरतात जेटीवर,
पावलागणिक जरासे थांबत.