मागच्या दारानं

साडू आला होता दादरहून, एका दिवसासाठी. विचारलंन,
‘मिसळ सोडून तुमच्या ठाण्यात आहे काय खायला?’
‘सोडून’ असं म्हणाला,
जशी पोह्यांतली मिरची बोटानं बाजूला सारावी.

मी फ्रीज दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं.
हॉटेलांची पुढची दारं मला धड माहीत नाहीत.
पाटीचा रंग कुठला, आत एसी आहे का,
मला विचारू नका. मी मागून जातो,
कांद्याच्या गोणी, ओली फडकी, विडी लपवणारा पोऱ्या
यांच्यामधून वाट काढत,
आणि कुठल्या डब्यात परवाचं काय आहे
ते मालकाआधी माझ्या नाकाला कळतं.

घोडबंदर रोडला ते काचेचं आहे,
भिंतीवर सायकल टांगलेलं,
साडूला तिथं जायचं होतं.
म्हटलं, जाऊ, पण पनीर मागवू नकोस.
का?
म्हटलं, आमची जुनी ओळख आहे.

त्यापेक्षा कोपरीत जावं, सकाळी नऊच्या आत.
परसराम आहुजाच्या गाडीवर दाल-पकवान,
वर कच्चा कांदा, चिंचेचं पाणी.
त्याच्याकडे फ्रीजच नाही.
संपलं की टोप उपडा घालतो
आणि उशिरा येणाऱ्याकडे असं बघतो
की आपणच त्याचं काही देणं लागतो.

राबोडीत पहाटे चारला भट्टीतून पाव निघतो.
नुसता खायचा. काही लावायचं नाही.

आणि प्यायचं असेल तर वागळे इस्टेट.
परमिट रूमचं नाव सांगत नाही.
कंपन्या होत्या तेव्हा पगाराच्या दिवशी
तिथं उभं राहायला जागा नसे,
आता बसायला भरपूर.
वायंगणकर म्हणून एक गृहस्थ
अजून पहिली पाळी सुटायच्या वेळेला येतात, साडेतीनला.
कंपनीला कुलूप लागून एकोणीस वर्षं झाली.
एक क्वार्टर, उकडलेले चणे,
आणि भोंगा ऐकू आल्यासारखा
वेटर न विचारता ग्लास आणून ठेवतो.

साडू म्हणाला, ते सगळं ठीक, पण जेवायचं कुठं?

तेवढ्यात फोन. चेंदणीतून, रेवती नाखवा.
रात्रीपासून डीप फ्रीज गार होईना.
साडूला स्कूटरवर मागं घातला.
कॉम्प्रेसर गेलेला. शनिवार दुपार, सोमवारशिवाय माल नाही.
आत रविवारच्या ऑर्डरींची सुरमई, बोंबील, मांदेली,
तिसऱ्यांची पिशवी,
सगळ्याला पाणी सुटत चाललेलं.

ती काही बोलली नाही.
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा
तसा फ्रीजवर हात ठेवून उभी राहिली.
मग गल्लीत तोंड काढून ओरडली,
‘भाकऱ्या थापाला या गो कोनीतरी!’

तीन चुली पेटल्या. कुणी आपला तवा घेऊन आली,
कुणी नारळ. ट्यूशनची पोरं आली, पोस्टमन आला,
एक रिक्षावाला, जो फक्त पत्ता विचारायला थांबला होता.
ओट्यावर जिथं जागा मिळेल तिथं बसलो.
साडू मांदेली काट्यांसकट खात होता.
कालवण मनगटावरून कोपरापर्यंत गेलं
तेव्हा त्यानं इकडेतिकडे पाहिलं
आणि चाटलं.

पैसे कुणी विचारले नाहीत, कुणी दिले नाहीत.
व्हिजिटचे मागायला मला तोंड नव्हतं,
होतं ते भरलेलं होतं.

निघताना साडूनं फोन काढला, नोंद करून ठेवायला.
नाव काय लिहू? वार कुठला? किती वाजेपर्यंत उघडं असतं?
मी स्कूटरला किक मारत राहिलो.

सोमवारी नवा कॉम्प्रेसर बसवला.
रेवतीनं कमरेच्या पिशवीतून पैसे काढले,
दोनदा मोजून दिले.
बटण दाबलं. आत काहीच नव्हतं,
बर्फाचा एक साचा सोडला तर.
रिकामाच घुरघुरायला लागला फ्रीज,
आणि घराला अजून आगळाचा वास.