मुरगाव, एकतीस डिसेंबर

बाराला पाच कमी.
टगचं इंजिन बंद. कडेच्या टायरांवर
पाणी चपचपतंय.
कायतानने दोदोलाचा डबा उघडला,
ग्रीसच्या बोटांनी, तसाच.

दोनापावलावर पहिला बाण फुटला.
नुसता उजेड. आवाज
झुआरीचं तोंड ओलांडून येईपर्यंत
मी तेरा मोजले.

मग भोंगे.
आधी कोळशाचं जहाज, मग पायलट बोट,
मग आमचा, घसा बसलेला.
कपातला चहा थरथरला.

गप्प होती ती एकच बार्ज.
खाण बंद पडल्यापासून नांगरावर आहे,
जनरेटरसुद्धा उतरवून नेलाय.
वर राखणदार एकटा, साळगावचा शाबलो.

आभाळात एक हिरवं झाड उगवलं
आणि विझायच्या आत
तो दिसला आम्हाला:
डाव्या हातात जेवणाची थाळी,
उजव्यात उलथणं,
जीव खाऊन बडवतोय.
ऐकू काहीच येईना.

कायतानने भोंगा सोडला.
हळूहळू बाकीचेही दमले,
तेव्हा पाण्यावरून आलं ते
ठण्. ठण्. जरा थांबून, ठण्.

'बाराचे टोले देतोय,' कायतान म्हणाला.
आम्ही मोजत राहिलो.

त्याने चौदा दिले.